पोरींना ग्रामसभेत बोलायला शिकवायचं, पण उत्तर कोण देणार?

पायवाट
परवा एका लग्नात एक काका मला म्हणाले, मतदानाचं वय 18, मग 14-15 वर्षांच्या पोरींना ग्रामपंचायत कशाला शिकवता, आधी दहावी तर होऊ दे. तेव्हा गर्दीत बोलता आलं नाही म्हणून इथे लिहिते.

मी 6 वर्षं जालना जिल्ह्यात किशोरी गट घेते. शनिवारी शाळा सुटली की सातवी ते दहावीच्या मुली बसतात. ग्रामसभा म्हणजे काय, पंचायतीकडे पैसा कुठून येतो, अर्ज कसा लिहायचा आणि मुख्य म्हणजे पोच कशी घ्यायची. एका गावातून हायस्कूल 5 किलोमीटर. एसटीचा पास मुलींना फुकट आहे, पण शाळा सुटते सव्वापाचला आणि गाडी निघून जाते 5 वाजून 10 मिनिटांनी, मग त्या पासाचं करायचं काय? मुलींनी 15 दिवस गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, त्या दिवशी किती जणी चालत आल्या हे वहीत लिहिलं आणि अर्जाला ती पानं जोडून डेपोत नेऊन दिली. दोन महिन्यांनी गाडी 20 मिनिटं उशिरा सुटायला लागली. गावातल्या मोठ्या माणसांनी तोंडी तक्रार दहादा केली असेल, वही कुणी केली नव्हती. माझं मत स्पष्ट आहे, प्रत्येक गावात ग्रामसभेच्या आधी मुलींची सभा सक्तीने झाली पाहिजे.

माजी_सदस्य
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे पण सक्तीला माझा विरोध. मी 5 वर्षं पंचायत सदस्य होतो. ग्रामसभेला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागतो मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, जे कमी असेल ते. आमच्याकडे एकदाही भरला नाही. सभा तहकूब करायची, तहकूब सभेला कोरम लागत नाही, की मग 12 माणसं गावाचे ठराव करून मोकळी. महिला ग्रामसभा आधी घ्यायचा नियम आजही आहे, आमच्याकडे सह्यांचं रजिस्टर घरोघरी फिरायचं. ज्यांना मत आहे, ज्यांच्यासाठी निम्म्या जागा राखीव आहेत त्या बायकांचं ऐकलं जात नाही, तिथे मत नसलेल्या पोरींचं कोण ऐकणार?

आम्ही एकदा बालसभा घेतली. प्रश्न शिक्षकांनीच लिहून दिले, पोरींनी वाचले, फोटो वर पाठवले, संपलं. त्यात एका मुलीने शाळेच्या संडासाला दार मागितलं होतं. पुढे तीन महिने ती मला रस्त्यात दिसली की विचारायची, काका दार कधी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर तिने विचारायचं बंद केलं, ते मला जास्त लागलं. आपण त्या पोरीला काय शिकवलं, तर बोलून काही होत नाही हे शिकवलं. त्यापेक्षा सभा घेतलीच नसती तर बरं.

गोदाकाठ
मी अशाच गटातली मुलगी, आता 24 ची आहे, नर्सिंग केलंय. आम्ही नववीत असताना वर्गातल्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे आम्हाला गटातच कळलं होतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिघी गेलो. ते आधी म्हणाले हा घरगुती मामला आहे, तुम्ही अभ्यास करा. मग आम्ही 1098 ला, म्हणजे मुलांच्या मदतीसाठीच्या नंबरला, फोन लावला. लग्न थांबलं, ती बारावी झाली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के बायकांचं लग्न 18 च्या आत झालेलं निघालं, म्हणजे पाचातली एक. हा आकडा वाचला की मला आमचे बाक दिसतात. माजी_सदस्य काका, मला गटात भाषण करायला नाही आलं, अजूनही येत नाही. कुठल्या कामाला कुणाकडे जायचं ते कळलं आणि माझं त्यावरच भागलं.

दोन_मुलींची_आई
सगळ्यांचं वाचलं, आता माझं ऐका. माझी मोठी अशाच गटात होती. दारूच्या दुकानाविरुद्ध फेरी काढली, फलक धरून पुढे कोण तर आठवी नववीच्या पोरी. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला बाजारात चौघांनी अडवलं आणि पोरीला घरात ठेव म्हणाले. महिनाभर आम्ही तिला शाळेत पाठवलं नाही, भीतीच तशी होती. गट घेणाऱ्यांचा 2 वर्षांचा प्रकल्प त्याच सुमारास संपला आणि ते निघून गेले, फोनसुद्धा नाही. आडवी बाटली, म्हणजे मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद, करायची तर गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं बंदीच्या बाजूने पडावी लागतात, मग मत ज्यांचं त्यांनी पुढे व्हायचं ना? 14 वर्षांची पोर पुढे आणि आम्ही मागे, हे कुणी ठरवलं?

पायवाट
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तुमचं बरोबर आहे. गाडी, संडास, रस्त्यावरचा दिवा, पाणी हे मुलींनी स्वतः मागावं. दारू, लग्न, छेडछाड यात मुलीने माहिती द्यायची आणि पुढे मोठ्यांनी जायचं, तिचं नाव कागदावर येता कामा नये. आमच्या गटात हा नियम आहे, पण पहिली 2 वर्षं नव्हता. आपल्याकडे असं काही झालं नाही हे नशीब, शहाणपण नव्हे.

शाळेतला
शिक्षक आहे म्हणून दोन गोष्टी. 1855 साली मुक्ता साळवेने मांग महारांच्या हालांवर लिहिलं आणि ते ज्ञानोदयमध्ये छापून आलं तेव्हा ती जेमतेम 14 वर्षांची होती. वय कमी आहे हे कारण मला पटत नाही. पण तिच्या मागे जोतीराव सावित्रीबाईंची शाळा उभी होती, छापायला एक नियतकालिक तयार होतं, हेही विसरू नका. दुसरं, फक्त मुलीच का? माझ्या वर्गातल्या पोरांना वाटतं संडासाचं दार हा मुलींचा विषय आहे. त्यांना बाहेर ठेवलं तर तीच पोरं उद्या सरपंच होऊन तसंच वागतील.

गोदाकाठ
सर, मुलं समोर असती तर पॅड टाकायला जागा नाही हे आम्ही कुणीच बोललो नसतो. आधी वेगळं बसू द्या, वर्षभराने एकत्र घ्या.

माजी_सदस्य
मी सक्तीच्या विरोधातच आहे, पण एक सुचवतो. पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्या वेळी मार्च आला की घाईघाईने काहीतरी खरेदी व्हायची. तो खर्च मुलींना आधी दाखवा, काय हवं ते त्यांना विचारा. आणि प्रत्येक ग्रामसभेत पहिला विषय एकच, मागच्या वेळी मुलींनी दिलेल्या अर्जाचं काय झालं ते सरपंचाने उभं राहून वाचायचं आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहायचं. झालं नसेल तर का नाही झालं तेही लिहायचं. एवढं कुठल्या गावाने केलं तर त्या गावात सभा घ्या, मी स्वतः येऊन बसतो. बाकीच्या गावांत पोरींना उभं करू नका.

पायवाट
मग त्या बाकीच्या गावांतल्या मुलींनी किती वर्षं थांबायचं काका? त्या गाडीसाठी ग्रामसभा काहीच कामाची नव्हती, मुली थेट डेपोत गेल्या. सरपंच तयार होण्याची वाट बघत बसलो असतो तर त्या अजून चालत असत्या. प्रोसिडिंगची अट मात्र मी घेते, पुढच्या ग्रामसभेला आमच्याकडून तसा लेखी अर्ज जाईल.

दोन_मुलींची_आई
माझी धाकटी आता सातवीत गेली. आमच्या गावात परत गट निघाला तर पाठवीन, पण मीटिंगला मी मागे बसणार आणि अर्जाखाली सही माझी असेल, तिची नाही.