मदत हवी आहे: 'धिंड', 'धिंडवडे' की 'नाचक्की'?

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या गणपतीत यंदा छोटी नाटिका बसवतोय. प्रसंग असा: मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी सेक्रेटरी लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावतो. पहिलंच नाव नुकतीच नवी गाडी घेतलेल्या काकांचं. काकू तणतणत खाली येतात, "अहो, चार लोकांत आमची धिंड काढलीत तुम्ही!"

काकूंची भूमिका करणाऱ्या मावशी इथे अडून बसल्यात. आयुष्य ठाण्याच्या नौपाड्यात गेलेलं, त्यात मराठीच्या निवृत्त शिक्षिका. "धिंड रस्त्यावरून निघते, बोर्डावर नाही. मी असलं बोलणार नाही." दिग्दर्शक गप्प.

म्हणणं अर्धं पटतं. १६८९ साली औरंगजेबाने बहादूरगडावर संभाजीराजे आणि कवी कलशांना विदूषकाचे कपडे चढवून उंटावरून फिरवलं, ती धिंड. पेपरात 'गुंडाची धिंड' येतं तेव्हाही पोलीस त्याला त्याच्याच एरियातून चालवत नेतात. मग अब्रूचे धिंडवडे घरबसल्या कसे निघतात?

'नाचक्की' घालून पाहिलं, काकू अग्रलेख वाचतायत असं वाटतं. 'नामुष्की' तर मॅच हरल्यावर ओढवते. वाक्यात राग हवा आणि हशाही. शनिवारी तालीम आहे, सुचवा.

प्रतिसाद १
मावशी बरोबर. धिंडीला मिरवणूक लागतेच. पूर्वी तोंडाला काळं फासून, गाढवावर उलटं बसवून गावभर फिरवत. धिंडवडे मात्र अब्रूचे, नियमांचे, कशाचेही निघतात, त्यांना रस्ता लागत नाही. शिवाय धिंड दुसरा कोणीतरी काढतो, नाचक्की नुसती 'होते'. काकूंना खापर सेक्रेटरीवर फोडायचंय ना? मग 'अब्रूचे धिंडवडे काढलेत' ठेवा.

प्रतिसाद २
भांडताना 'धिंडवडे' कोण म्हणतं हो? आमच्याकडे सरळ, "शोभा केलीत आमची!" त्यावर सेक्रेटरीने म्हणावं, "शोभा नको तर मेंटेनन्स भरा."

धागाकर्ता
'शोभा' घेतलं, सेक्रेटरीचं उत्तरही ढापतो. मावशी खूश. आता त्यांना बोर्डावरच्या यादीत 'डिफॉल्टर' नको, 'थकबाकीदार' हवंय आणि सेक्रेटरी ऐकत नाहीये. त्याचा वेगळा धागा काढतो.