ऐकायला मदत करणारा चष्मा कुणी वापरलाय का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

बाबा ७२ वर्षांचे. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीत) दोन्ही कानांना मध्यम बहिरेपण निघालं. श्रवणयंत्र घेतलं, पण कानात काहीतरी कोंबल्यासारखं वाटतं म्हणून ते कपाटातच पडून आहे. आता चारचौघांत बसणंच त्यांनी सोडलंय, आणि ते बघवत नाही.

लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात २०२४ साली एसिलॉरलक्सोटिका या चष्मे बनवणाऱ्या कंपनीने न्युअन्स ऑडिओ नावाचा चष्मा दाखवला होता. मायक्रोफोन आणि स्पीकर फ्रेममध्येच, कानात काहीच घालायचं नाही. समोर बोलणाऱ्याचा आवाज तो मोठा करतो. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरीही मिळाली, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी. चष्मा तर बाबा चाळीस वर्षं लावताहेत, त्यामुळे हा ते नक्की लावतील असं मला मनापासून वाटतं.

अमेरिकेत किंवा युरोपात कुणी आपल्या आईवडिलांसाठी घेतलाय का? लग्नकार्यातल्या गोंगाटात समोरच्याचं बोलणं खरंच कळतं का? दिवसभर नाकावर जड होतो का? बाबांना प्रोग्रेसिव्ह (जवळचं-लांबचं दोन्ही दिसणाऱ्या) काचा लागतात, त्या इथे पुण्यात बसवून मिळतील का? भाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, त्याआधी ठरवायचंय.

कुणी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) असतील तर कृपया जरूर सांगा.