मदत हवी आहे: मेथडिस्ट पाळक फक्त लायसन्सवाले, लग्न लावू शकतात का?

सुमेधा_आई: लेकीचं लग्न तोंडावर आलंय. जावईबापूंचे लहानपणापासूनचे पाळक लग्न लावणार, असं ठरलेलं. आता व्याही म्हणतात, ते ऑर्डेन्ड (चर्चची कायमची दीक्षा झालेले) नाहीत, नुसते लायसन्सवाले (चर्चच्या परवान्यावर काम करणारे) आहेत. पत्रिका छापायच्या थांबल्यात. चालेल की नाही, एवढंच सांगा.

नाशिककर_जोसेफ: ताई, देश कुठला? आपल्याकडे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपच्या हातून दीक्षा झालेल्यांना वेगळं सरकारी लायसन्स लागत नाही. इतर बहुतेकांना लागतं.

सुमेधा_आई: अमेरिका हो! टेक्सस. चर्च युनायटेड मेथडिस्ट.

डॅलसवाला: मग कायद्याचं टेन्शन सोडा. टेक्ससच्या कायद्यात 'लायसन्स्ड किंवा ऑर्डेन्ड' दोन्ही चालतात. काउंटी क्लार्ककडून मॅरेज लायसन्स काढलं की ७२ तास थांबावं लागतं, तेवढं सांभाळा.

रेव्ह_निवृत्त: कायद्याचं झालं, चर्चचं काय? लायसन्स्ड लोकल पास्टर, म्हणजे तुमच्या पाळकांसारखा लायसन्सवाला, उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी), लग्न, अंत्यविधी सगळं करतो, पण नेमून दिलेल्या मंडळीपुरतंच, म्हणजे त्या एका चर्चपुरतंच. नेमणूक संपली की अधिकारही संपला. ऑर्डेन्ड एल्डरची (पूर्ण दीक्षा झालेल्या पाळकाची) दीक्षा आयुष्यभराची, मंडळी बदलली तरी सोबत जाते. लग्न कुठे आहे?

चिंतातुर_जंतू: म्हणजे अर्धा पाद्रीच! सरळ एल्डर बोलवा.

रेव्ह_निवृत्त: अर्धा कसा? खेड्यापाड्यातल्या कितीतरी मंडळ्या हेच लोक चालवतात. त्यांचा अभ्यासक्रम, 'कोर्स ऑफ स्टडी', पाच वर्षांचा असतो, नोकरी सांभाळून करतात बिचारे. आणि अमेरिकेत प्रभुभोजन द्यायला फारसं कोणी उरलं नाही, तेव्हा १७८४ मध्ये मेथडिस्ट पंथाचे संस्थापक वेस्लीसाहेबांनी स्वतः बिशप नसताना डोक्यावर हात ठेवून दीक्षा दिल्या. त्यांना काय म्हणाल?

चिंतातुर_जंतू: त्यांना काही म्हणत नाही. २०२४ पासून डीकनही (सेवाकार्यासाठी दीक्षा झालेले) प्रभुभोजन देतात म्हणे, मग एल्डरला वेगळं काय उरलं?

रेव्ह_निवृत्त: डीकनलाही ते आपल्या सेवेच्या जागीच. एल्डरची दीक्षाच प्रभुभोजन-बाप्तिस्म्यासाठी आणि चर्चचा कारभार पाहण्यासाठी असते. पण ताईंचा प्रश्न तो नाहीये.

पुणेरी_मिसळ: कोर्टात सही करा, मग इकडे येऊन वैदिक. गुरुजींचा नंबर व्यनि करतो.

सुमेधा_आई: गुरुजी कोणी मागितले? लग्न आमच्या गावात, तळ्याकाठच्या हॉलमध्ये. पाळकांची मंडळी तीन तासांवर.

रेव्ह_निवृत्त: घ्या, खरी अडचण ही! वधूवरांपैकी कोणी त्यांच्या मंडळीचं सभासद आहे का? असो वा नसो, पाळकांनाच त्यांच्या डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटला (चर्चमधल्या त्यांच्या वरिष्ठांना) लेखी विचारायला सांगा. नाही म्हणाले तर तुमच्या गावातला एल्डर विधी करेल, तुमचे पाळक वाचन आणि प्रार्थना करतील. पत्रिकेत नाव छापायला कोण अडवतंय?

सुमेधा_आई: सभासद कोणी नाही. आजच फोन करायला लावते.

पुणेरी_मिसळ: जेवणाचं कोणाला दिलंय?