सहा जण, त्यात चौघे नवखे: पहिल्या बोर्डगेम संध्याकाळी काय काढू?

नवी यजमान, पुणे

येत्या शनिवारी रात्री आठला आमच्याकडे सहा जण जमतोय: मी, नवरा, सासूबाई (वय ६८), अकरा वर्षांची भाची आणि शेजारचे काका-काकू. आम्हा दोघांना बोर्डगेमचं वेड आहे. बाकीच्यांची मजल ल्यूडो आणि पत्त्यांपर्यंत.

मागच्या वेळी कटान काढला होता. तो चौघांचा खेळ, म्हणून दोन जोड्या लावल्या. नियम सांगण्यातच पाऊण तास गेला. विटा कशाला, मेंढ्या कशाला, चोर कधी हलवायचा... काका मान डोलवत होते, पण त्यांना काही उमगत नव्हतं. सासूबाई मध्येच चहा टाकायला उठल्या त्या परत आल्याच नाहीत. मला ते फार लागलं. या वेळी त्या शेवटपर्यंत बसायला हव्यात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठी पेपर मात्र रोज पूर्ण वाचतात, शब्दकोडं सोडवल्याशिवाय ठेवत नाहीत. साडेदहापर्यंत आवरायचं आहे. कुठला खेळ घेऊ?

फाशांची पेटी, नाशिक

शब्दकोड्याचं तुम्ही ओघात लिहिलंत, पण उत्तर तिथेच आहे. कोडनेम्स खेळा, आणि मराठीत खेळा.

व्लादा ख्वातिल या चेक रचनाकाराचा हा २०१५ सालचा खेळ. सहा जणांचे तीन-तीनचे दोन संघ. टेबलावर पाच बाय पाच असे २५ शब्द. प्रत्येक संघातला एक जण क्लू देणारा. कुठले शब्द कोणाचे याचा नकाशा फक्त त्या दोघांनाच दिसतो: सुरुवात करणाऱ्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नसलेले ७ आणि एक घातकी शब्द. त्याला हात लावला की तो संघ तिथेच हरला. क्लू म्हणजे एक शब्द आणि त्याच्याशी जुळणारे आपले शब्द किती, तो आकडा. संघातल्या बाकीच्यांनी ते शब्द ओळखायचे. संपलं. डाव वीस-पंचवीस मिनिटांत उरकतो, हरलेला लगेच म्हणतो, अजून एक लावा.

इंग्रजी संच विकत आणू नका. मी चार वर्षं दर महिन्याला घरी खेळ मांडते आणि आमचा कोडनेम्स घरीच केलेला आहे. जुन्या लग्नपत्रिका कापा. जाड असतात, त्यामुळे पंख्याने उडत नाहीत (साध्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या तेव्हा पंखा बंद करून घामाघूम होऊन खेळलो होतो). मागच्या कोऱ्या बाजूवर मार्करने ठळक अक्षरात एकेक शब्द लिहा. नकाशासाठी चौकटीच्या वहीचं पान पुरतं.

शब्द निवडताना मात्र वेळ द्या, सगळी गंमत त्यातच आहे. दोन-तीन अर्थांचे शब्द घ्या: घाट, नाव, पूर, पात्र, अंक, माळ, पान, हार, कळ, भाव, तार. मग 'नदी, ४' म्हटलं की घाट, नाव, पूर, पात्र असे चारही लागतात. आमच्याकडे एकीने 'नाटक, २' असा क्लू दिला. तिच्या मनात अंक आणि पडदा होते. तिच्या संघाने आधी पात्र उचललं, आणि तोच घातकी शब्द! ती डोकं धरून बसली. त्या डावाची आठवण अजून निघते.

आता सांगण्याबद्दल. नियमपुस्तिका कोणासमोर उघडूच नका. आदल्या दिवशी नवऱ्याला समोर बसवून मोठ्याने सांगून बघा, दोन मिनिटांच्या वर गेलं तर कापा. पहिल्या डावात क्लू तुम्ही दोघांनी द्यायचे, बाकीच्यांनी नुसतं ओळखायचं. वाळूचं घड्याळ नको. आकड्यापेक्षा एक जास्त शब्द ओळखायची मूळ सवलत आहे, तीही पहिल्या दिवशी सोडा. सासूबाईंना तुमच्या संघात घ्या, पण त्यांनी बोट ठेवायच्या आत तुमचा चेहरा बोलता कामा नये.

खाणं आधी, मग हात धुऊन खेळ. चकलीचं तेल लागलेलं कार्ड पालथं असलं तरी ओळखू येतं. आणि चहा थर्मासमध्ये भरून टेबलाशेजारी ठेवा, म्हणजे कोणाला उठायला नको.

सोंगटी, ठाणे

डिक्सिटही बघा. ८४ चित्रांची कार्डं, वाचायचं काहीच नाही, मूळ संच सहा जणांपर्यंत चालतो. फक्त चित्र बघून चारचौघांत काहीतरी सुचून बोलावं लागतं. माझी आई त्यात गप्प होते, पण आमचे मामा फुलतात. तिकीट टू राइड शिकायला सोपा आहे, पण पाच जणांचाच. एक जण बाहेर बसवू नका.

चौकट राजा नव्हे, सातारा

काका-काकू आले की आधी बदाम सात लावा. ५२ पानं सहा जणांत वाटली की चौघांना नऊ आणि दोघांना आठ येतात, चालतं. सगळ्यांना येणारा खेळ आधी झाला की नव्याची धास्ती कमी होते.

नवी यजमान, पुणे

बदाम सात नक्की. ताई, एक विचारायचं होतं. भाचीला क्लू द्यायचाच आहे, तिने आत्तापासून सांगून ठेवलंय. देऊ दे का?

फाशांची पेटी, नाशिक

दुसऱ्या डावात द्या. समोरच्या संघात सासूबाईंना विचारा, पण आग्रह नको. एकदा ओळखून बघितलं की माणूस आपणहून मागतो.

नवी यजमान, पुणे

रविवार सकाळ. काल चार डाव झाले, साडेदहाचे सव्वाअकरा वाजले. तिसऱ्या डावात सासूबाई म्हणाल्या, "आण तो कागद इकडे." त्यांचा पहिला क्लू होता 'तुळस, २'. काकूंनी क्षणात माळ आणि पान उचललं. मी समोरच्या संघात होते, मला आमचे उरलेले शब्द सुद्धा दिसेनात, इतकं बरं वाटत होतं. थर्मास त्यांच्या हाताशीच होता. भाचीने 'दिवाळी, ३' देऊन अंक, माळ आणि किल्ला मिळवले.

आता सासूबाईंना पुढच्या शनिवारी नवे शब्द हवेत. आमचे साठच होते, ते पाठ झाले. तुमच्याकडचे थोडे द्याल?

फाशांची पेटी, नाशिक

घ्या: खार, वार, कर, दंड, पाठ, गार, काळ, सूर, रस, बोट, मान, पट, वात, गोळी, जोड. 'दंड' आणि 'कर' एकाच डावात आले तर काकांना क्लू द्यायला बसवा. उरलेले सासूबाईंनाच लिहू दे, आजचा पेपर समोर असेलच.