टोल्यूनच्या ड्रमला हात लावताना झटका बसतो : ओतण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

प्रश्न

नमस्कार. पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत निओप्रीन रबराचे अ‍ॅडहेसिव्ह तयार करणाऱ्या लहान कारखान्यात मी उत्पादन विभाग पाहतो. रबर विरघळवणारे टोल्यून हे ज्वलनशील सॉल्व्हंट २०० लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये येते. ड्रम स्टँडवर आडवा ठेवून तोटीखाली प्लॅस्टिकची बादली धरली जाते आणि ती बादली मिक्सरमध्ये रिकामी केली जाते. थंडी पडल्यापासून ड्रमला किंवा मिक्सरला हात लावताना कामगारांना बारीक झटका बसू लागला आहे. वर्षानुवर्षे हीच पद्धत चालू आहे, छताजवळ पंखे आहेत, विडी-काडीला बंदी आहे, तेवढे पुरे, असे मालकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. प्रथम काय बदलावे आणि मालकांना काय सांगावे?

उत्तर : सुरक्षा अधिकारी, रंग कारखाना

मालकांना त्या झटक्याविषयीच सांगा. टोल्यूनची वाफ पेटायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते, आणि माणसाला जाणवणारा झटका साधारण १ मिलिज्यूलच्या पुढचा असतो. म्हणजे आपल्या कामगारांना जाणवणारी प्रत्येक ठिणगी वाफ पेटवण्यास पुरेशी आहे. आजवर तिच्या जागी योग्य प्रमाणात वाफ नव्हती, एवढेच.

टोल्यूनच्या बाबतीत हे प्रमाण जुळून येणे दुर्मीळ नाही. हवेत १.१ ते ७.१ टक्के वाफ असताना ती पेटते. बंद ड्रममधील मोकळ्या जागेत २० अंश सेल्सिअसला सुमारे २.९ टक्के आणि ३५ अंशांना सुमारे ६ टक्के वाफ असते. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिथे पेटायला हवा अपुरी पडते. टोल्यूनचा अर्धा भरलेला ड्रम मात्र आपल्याकडे वर्षातील बहुतेक दिवस पेटण्याजोग्या स्थितीतच उभा असतो. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून द्रवाची वाफ पेटू शकते ते, ४ अंश असल्यामुळे थंडीचा आधार नाही. उलट थंडीतील कोरड्या हवेत साचलेला विद्युतभार लवकर निघून जात नाही.

म्हणून प्लॅस्टिकची बादली आजच बंद करा. टोल्यून वीज जवळजवळ वाहून नेत नाही. ते तोटीतून उंचावरून पडताना त्याच्यावर भार साचतो, आणि प्लॅस्टिकला अर्थिंग करून उपयोग होत नाही. झाकणाची धातूची बादली घ्या, ड्रम, बादली व मिक्सर तारेने एकमेकांना आणि अर्थिंगला जोडा, आणि द्रव धारेने न पाडता तळापर्यंत पोहोचणाऱ्या धातूच्या नळीने सोडा. कालांतराने बादलीच काढून टाकून वीजवाहक होजने व योग्य पंपाने थेट मिक्सरमध्ये घेणे अधिक चांगले. मात्र नळीचे तोंड द्रवाखाली जाईपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी ठेवा.

परवान्याचेही पाहा. २३ अंशांखालील फ्लॅश पॉइंटमुळे टोल्यून ‘अ’ वर्गातील पेट्रोलियम ठरते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने, विक्रीसाठी नसलेला ३० लिटरपर्यंतचाच साठा विनापरवाना ठेवता येतो. आपला एक ड्रमही त्याच्या बाहेर आहे. या विषयातील ‘पेसो’ (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना) या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

उत्तर : विद्युत पर्यवेक्षक

वरील सूचनेत क्रम महत्त्वाचा आहे. ड्रमचे बूच उघडण्यापूर्वी अर्थिंगच्या तारेचा क्लॅम्प (चिमटा) लावावा आणि बूच बंद केल्यावरच काढावा, कारण क्लॅम्प लावतानाही ठिणगी पडू शकते. ड्रमवर रंगाचा थर असतो, त्यामुळे रंग भेदून धातूपर्यंत जाणारा टोकदार क्लॅम्पच घ्यावा. साधी तार गुंडाळून अर्थिंग झाल्याचे समाधान तेवढे मिळते. ड्रमपासून अर्थिंगपर्यंतचा रोध १० ओमच्या आत असावा, आणि ही मोजणी जवळ सॉल्व्हंट व वाफ नसतानाच करावी, कारण साधा मल्टिमीटर अशा जागेसाठी बनवलेला नसतो.

छताजवळच्या पंख्यांवर विसंबू नका. टोल्यूनची वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते, गटारात व खड्ड्यात साठते. शोषण जमिनीपासून फूटभर उंचीवर, शक्य तितके तोटीजवळ हवे. त्या पंख्याची मोटर, दिवे आणि स्विच फ्लेमप्रूफ (आतली ज्वाळा बाहेर जाऊ न देणारे) नसतील, तर आग लागण्याचे आणखी एक कारण आपण स्वतःच तिथे बसवले असे होईल.

उत्तर : कारखान्यातील वैद्यकीय अधिकारी

आगीच्या चर्चेत श्वासाकडे दुर्लक्ष होऊ नये. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असे नाही. नाक थोड्याच वेळात सरावते. डोके दुखणे, चक्कर, शिफ्टच्या शेवटी नशा आल्यासारखे वाटणे या तक्रारी आढळल्यास वाफेचे प्रमाण मोजून घ्या. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वाफ) होती. अमेरिकेतील एसीजीआयएच ही तज्ज्ञसंस्था २० पीपीएम सुचवते, आणि मी तीच धरावी असे सांगेन. धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफ शोषणारे काडतूस (कार्ट्रिज) असलेला मास्क लागतो. पातळ नायट्रिल हातमोज्यांतून टोल्यून काही मिनिटांत आत शिरते. काम संपल्यावर टोल्यूननेच हात धुण्याची सवय मात्र आजच थांबवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. धातूच्या बादल्या व क्लॅम्प यांची मागणी आज नोंदवली, आणि ते येईपर्यंत काम थांबवण्यास मालक तयार झाले आहेत. दोन शंका उरतात. रबराचे तुकडे प्लॅस्टिकच्या पोत्यातून थेट मिक्सरमध्ये ओततात, ते चालेल का? आणि रिकामे ड्रम कापून पत्रा वापरतात, त्याचे काय?

उत्तर : सुरक्षा अधिकारी, रंग कारखाना

पोते थेट ओतू नका. प्लॅस्टिकवरून घसरणारे तुकडे आणि पोते या दोहोंवर भार साचतो, आणि ते ऐन वाफेच्या तोंडावर घडते. प्रक्रियेत शक्य असेल तर रबर आधी आणि टोल्यून नंतर बंद नळीने घ्या. ते जमत नसेल तर आतली हवा हटवण्यासाठी मिक्सरमध्ये नायट्रोजन सोडण्याची व्यवस्था एखाद्या जाणकार अभियंत्याकडून करून घ्या.

ड्रम कापणे ताबडतोब बंद करा. तळाशी राहिलेल्या थोड्याशा द्रवाने ‘रिकामा’ ड्रम पेटणाऱ्या वाफेने भरलेला असतो आणि ग्राइंडरची ठिणगी पडताच तो फुटतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ नुसारही असे पात्र द्रव व वाफ पूर्ण काढल्याशिवाय कापणे किंवा त्याला वेल्डिंग करणे मना होते. बूच घट्ट लावून ते ड्रम धुण्याची अधिकृत सोय असलेल्या व्यावसायिकाकडेच द्या.