एक्झिटसाठी फार्मास्युटिक्स ‘ऑप्शनला’? आधी लाल टोपीचं बघा

काउंटरवरून

डी.फार्म. झाल्यावर फार्मसिस्ट म्हणून नाव नोंदवायला जी एक्झिट परीक्षा द्यावी लागते, तिच्यावर काल एका भावी फार्मसिस्टाचं लिखाण वाचलं. “डी.फार्म.च्या एक्झिटला दोनच विषय घोका, फार्माकॉलॉजी (औषध शरीरात काय करतं) आणि ज्युरिस (औषधांचे कायदे). फार्मास्युटिक्स म्हणजे मलम घोटणं, कॉग्नोसी (वनस्पतींपासूनची औषधं) म्हणजे पाला. आता सगळं स्ट्रिपमध्ये येतं, दोन्ही ऑप्शनला टाका.” खाली अंगठ्यांची ही रांग. रात्री शटर ओढून जेवायला बसलो तरी डोक्यातून जाईना, म्हणून लांबलचक लिहितोय. चालवून घ्या.

आधी परीक्षेपुरतं. पेपर तीन, प्रत्येकात वेगळे ५० टक्के, तेही एकाच प्रयत्नात. एकात ४९ वर अडकलात की तिन्ही पुन्हा. पहिल्या पेपरात फार्मास्युटिक्स, फार्माकॉलॉजी आणि कॉग्नोसी एकाच ताटात वाढलेत. त्यातले दोन बाजूला सारून ५० कुठून आणणार, ते या भावानं सांगितलेलं नाही. बोर्डाच्या ४० टक्क्यांची सवय, दुसरं काय.

आता दुकानातलं. तालुक्याच्या गावी १९ वर्षं काउंटरला आहे. मागच्या पावसाळ्यात एक जण आईचं इन्सुलिन न्यायला आला. शहरातल्या डॉक्टरांनी बदलून दिलेलं, बाटली मिलीला १०० युनिटची. दिली, बर्फाच्या पिशवीत घातली, पैसे घेतले. तो पायरी उतरत होता, तेवढ्यात मी सहज विचारलं, “सिरिंज?”

“आहेत की घरी डबाभर.”

“टोपी कुठल्या रंगाची?”

“लाल.”

लाल टोपी म्हणजे मिलीला ४० युनिटच्या बाटलीसाठीची सिरिंज. तिच्यात २० च्या खुणेपर्यंत ओढलं की अर्धा मिली येतं. ४० च्या बाटलीतलं अर्धा मिली म्हणजे २० युनिट, १०० च्या बाटलीतलं अर्धा मिली म्हणजे ५०. म्हातारी नेहमीच्याच खुणेपर्यंत ओढून, टोचून घेऊन झोपली असती. त्याला परत बोलावलं, नारिंगी टोपीच्या दिल्या आणि संध्याकाळी तो जुना डबा दुकानात आणून द्यायला लावला.

इन्सुलिन पेशीत कसं काम करतं, ते रिसेप्टर, टायरोसिन कायनेज, ग्लूट-४ मला आजही झोपेत उठवून विचारा. त्यातलं काहीएक त्या पायरीवर उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडलं ते फार्मास्युटिक्सच्या प्रॅक्टिकलमधलं स्ट्रेंग्थचं गणित, जे आपण सगळ्यांनी सिनियरच्या जर्नलमधून उतरवून सही घेतली.

फायनल_इयर

ज्याच्यावर धागा काढलाय तो मीच. काका, वयाचा मान राखून बोलतो. तुमचं उदाहरणच चुकलं. सिरिंज, पेशंटला समजावणं, हे सगळं हॉस्पिटल अँड क्लिनिकलमध्ये येतं. ते दुसऱ्या पेपरात. फार्मास्युटिक्समध्ये मी काय केलं? इमल्शनसाठी तेल, पाणी, डिंक ४:२:१ आणि खलबत्त्यात ‘क्लिक’ आवाज येईपर्यंत घोटणं. गेल्या वर्षभरात किती इमल्शनं बनवलीत दुकानात, खरं सांगा.

आणि मला सल्ला द्यायची हौस नव्हती. आमच्या आधीच्या बॅचेस बोर्डाच्या निकालावर थेट रजिस्टरला लागल्या, काउंटरवर उभ्या आहेत, लग्नंबिग्नं झाली. आम्ही पास होऊन घरी. बी.फार्म.वाल्यांना तर एक्झिटच नाही! त्यांना लाल टोपी कळते हे कुणी तपासलं?

काउंटरवरून

बी.फार्म.चं दुखणं खरं आहे, पण विषय तो नाही. इमल्शन शून्य. ड्राय सिरप रोज. पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की परत खुणेपर्यंत. किती आया ‘अर्धी बाटली पाणी’ घालतात, ते एकदा येऊन बघ.

पाला_मॅडम

‘पाला’ म्हणणाऱ्या चिरंजीवांना नमस्कार. २२ वर्षं पालाच शिकवते. अंगणात सदाफुली आहे ना तुमच्या? रक्ताच्या कॅन्सरला दिलं जाणारं व्हिनक्रिस्टिन तिच्यातूनच येतं. डिगॉक्सिन, मॉर्फिन, क्विनिन, सगळा पालाच.

काउंटरवर काय उपयोग, हा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगते. कोविडनंतर घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं. आयुष मंत्रालयाचं उत्तर आलं की वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, ती दिसायला तशीच असणारी टिनोस्पोरा क्रिस्पाही असू शकते. खरं कोण यात मी पडत नाही. पण भांडण कशावर झालं? ओळख पटवण्यावर. त्यालाच आमच्यात फार्माकॉग्नोसी म्हणतात.

खडूस_फार्मसिस्ट

मॅडम, गिऱ्हाईक गुळवेल पावडर करून पुडीत आणतं. तिथे टी.एस. (खोडाचा आडवा छेद) कुठे कापणार?

पाला_मॅडम

पावडरचीही मायक्रोस्कोपी असते. फ्लोरोग्लुसिनॉल आणि एचसीएलचा थेंब टाकला की लिग्निन गुलाबी होतं. त्या तासाला तुम्ही कँटीनला असाल.

न्यूजर्सीकर

इकडून, अमेरिकेतून दोन ओळी. मी २००१ चा बी.फार्म. इथे आधी परदेशी पदवीवाल्यांची परीक्षा, मग नॅप्लेक्स (फार्मसिस्टच्या लायसन्सची परीक्षा), मग कायद्याची आणखी वेगळी. नॅप्लेक्सला मला फार्मास्युटिक्सच्या गणितानं तारलं, त्यामुळे मत धागाकर्त्याला. आता चार वर्षांचं बी.फार्म. घेऊन मात्र कुणी इकडची स्वप्नं बघू नका. १ जानेवारी २००३ पासून पास झालेल्यांना किमान पाच वर्षांचा कोर्स लागतो, म्हणजे आपल्याकडचे फार्म.डी.वाले. आणि इथे फार्मसिस्ट जागेवर नसेल तर…

होलसेल_काका

…तर औषध मिळत नाही, ठाऊक आहे. साहेब, तिकडचं तिकडे. इथे कुठला विषय महत्त्वाचा हे विचारताय? एकही नाही! सर्टिफिकेट भिंतीवर आणि त्यावरचा माणूस भलत्याच गावात. ३० वर्षं माल पोचवतोय. अर्ध्याअधिक दुकानांत फोटोतला चेहरा मी कधी गल्ल्यामागे बघितला नाही. एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या ठरावीक औषधांच्या विक्रीचं रजिस्टर तीन वर्षं जपायचं असतं ना? एका दुकानात ते इन्स्पेक्टर येणार म्हणून आदल्या रात्री एकटाकी लिहिताना बघितलंय. आठ महिन्यांच्या नोंदी, एकच पेन, एकच अक्षर. आणि तुम्ही इथे खलबत्त्यावरून भांडताय.

फायनल_इयर

काका पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं.

नाव_नको

गप्प बसणार होते. माझं सर्टिफिकेट लावलंय. महिन्याला ५ हजार येतात.

लगेच अंगावर येऊ नका, आधी ऐका. बाळ होण्याआधी मी सकाळी नऊ ते रात्री नऊ उभी असायचे, ८ हजारांवर. मालकाचा भाचा दहावी नापास, तो गल्ला आणि चिठ्ठ्या दोन्ही बघायचा, मी फ्रिज पुसायचे. एकदा चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम (सवय लागणारी गोळी) मागणाऱ्याला नाही म्हटलं, तर मालक त्याच्यासमोर म्हणाला, “मॅडम, दुकान माझं आहे.” त्या दिवशी ठरवलं, कागदालाच किंमत आहे ना, मग कागदच घ्या.

काउंटरवरून

ताई, पगाराचं दुःख कळतं. पण फार्मसी कायद्याचं कलम ४२ आणि औषध नियमांतला नियम ६५ तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. चिठ्ठीवरचं औषध तुमच्या हातून किंवा तुमच्या नजरेखाली जायला हवं. तुमची नजर घरी आणि नाव तिथे.

नाव_नको

कलमं पाठ आहेत. ज्युरिसमध्ये ७८ होते मला.

फायनल_इयर

😂😂 म्हणजे ज्युरिस महत्त्वाचा नाही हे सिद्ध झालं. माझी अर्धी पोस्ट मागे घेतो.

खडूस_फार्मसिस्ट

हसू नका, मला हसायला येत नाहीये. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत असतो. आमचाच एक संधिवाताचा पेशंट. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, वार सोमवार. बाहेरच्या दुकानातल्या पोरानं पाकिटावर बॉलपेननं ‘१-०-०’ लिहून दिलं. म्हणजे रोज सकाळी. दहाव्या दिवशी माणूस तोंडभर फोड घेऊन परत आला, पाणी गिळवेना, पांढऱ्या पेशी तळाला. वाचला, पण आठवडाभर आयसीयूत होता. ते पाकीट मी हातात घेऊन बघितलं, अक्षर सुंदर होतं.

त्या दुकानात फार्मसिस्ट होता का, विचारलं. “आहेत, पण येत नाहीत.”

ताई, तुमच्या ५ हजारांच्या भिंतीखालचा पोरगा पाकिटावर काय लिहितो, कधी जाऊन बघितलंय?

नाव_नको

तुमच्या हॉस्पिटलात जागा निघाली की कळवा. सहा महिन्यांचं बाळ ठेवायची सोय असेल तरच. उपदेश फुकट मिळतो, पाळणाघर मिळत नाही.

होलसेल_काका

शांत व्हा दोघं. खडूसराव, आधी मालकांना धरा.

खडूस_फार्मसिस्ट

मालक एकटा लावू शकत नाही. लावायला कुणीतरी द्यावं लागतं.

न्यूजर्सीकर

माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, पण जाऊ द्या.

काउंटरवरून

मेथोट्रेक्सेटचं मान्य. तिथे गणित नाही, औषध ओळखीचं असावं लागतं, आणि ते फार्माकॉलॉजीच. म्हणजे भावानं दोनातला एक विषय बरोबर निवडला होता. घ्या, टाळ्या. आता त्याला एकच प्रश्न, पुस्तक न बघता. मूल ११ किलोचं, ताप, डॉक्टरांनी लिहिलंय पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम. आईच्या हातात ड्रॉप्सची बाटली, मिलीला १०० मिलिग्रॅमवाली. किती?

फायनल_इयर

सोप्पंय. १६५ मिलिग्रॅम, म्हणजे १.६५ मिली.

काउंटरवरून

शाबास. ड्रॉपरवर १.६५ ची खूण दाखव. आणि घरात आधीची बाटली सिरपची होती, पाच मिलीत १२५ वाली, आई त्याच सवयीनं ‘एक चमचा’ देणार आहे. या ड्रॉप्सचा एक चमचा म्हणजे ५०० मिलिग्रॅम. तिला काय सांगशील?

फायनल_इयर

थांबा, बघतो.

नाव_नको

दीड मिली. चमचा नाही, सुई काढलेल्या सिरिंजनं. खूण पेननं करून द्यायची, सहा तासांच्या आत परत नाही, आणि घरी दुसरं कुठलं तापाचं औषध चालू आहे का ते आधी विचारायचं. त्यातही पॅरासिटामॉल असतं.

काउंटरवरून

बरोबर.

होलसेल_काका

म्हणजे येतं की तुम्हाला!

नाव_नको

येत नाही असं मी कुठे म्हटलं होतं?