मोडी शिकण्यासाठी पुस्तक की व्हिडिओ?

धागालेखक:
मोडी लिपी घरबसल्या शिकू पाहणारे आजकाल बहुधा यूट्यूबवरच्या व्हिडिओंपासून सुरुवात करतात. माझे स्पष्ट मत असे की, ज्याला जुने कागद वाचायचे आहेत त्याने पहिल्यापासून पुस्तक आणि कागदपत्रांच्या छायाप्रतीच हाती घ्याव्यात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. अशा ओळीवरून नजर पुन्हा पुन्हा मागे न्यावी लागते, आधी लागलेल्या अक्षराशी नवे अक्षर ताडून पाहावे लागते. व्हिडिओत शिकवणाराच ओळ वाचून दाखवतो. आपल्यालाही ती लागली असे वाटते, आणि एकट्याने कागदासमोर बसल्यावर पहिल्याच ओळीत गाडी अडते.

प्रतिसाद १:
असहमत. मोडी ही मुळात हाताची लिपी आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, ही तिची रीत. छापील तक्त्यात अक्षराचे तयार रूप तेवढे दिसते. हात कोठून निघाला, कोठे वळला आणि पुढच्या अक्षरात कसा शिरला, हे बोरू चालताना पाहिल्याशिवाय कळत नाही. ते एकदा पाहिले की लपेटीदार अक्षर वाचतानाही उपयोगी पडते. शिवाय ज्याच्या गावात शिकवणारे कोणी नाही, त्याने पहिले वळण कोणाकडून गिरवावे?

धागालेखक:
वळणापुरते आपले म्हणणे मान्य आहे, परंतु अक्षर लागले म्हणजे कागद लागला असे होत नाही. पेशवेकालीन पत्रात ‘सलास सबैन मया व अलफ’ असे वर्ष येते. हे तीन, सत्तर, शंभर आणि हजार यांचे अरबी शब्द आहेत, म्हणजे शुहूर या तेव्हाच्या कालगणनेतला सन ११७३. हा सन मृगाला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्रासाठी ५९९ मिळवून इ. स. १७७२, तर जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवून १७७३ धरायचे. एवढे सारे नुसते ऐकून कोणाच्या लक्षात राहील? त्यासाठी तक्ता शेजारी उघडाच हवा.

प्रतिसाद २:
मी धागालेखकांच्या बाजूचा आहे, आणि माझी काळजी अधिक व्यावहारिक आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी निकड भासली हे सर्वांनी पाहिले. तेथे एक शब्द चुकीचा वाचला गेला तर एखाद्या कुटुंबाचा दाखला अडू शकतो. रंजन म्हणून जुनी पत्रे पडद्यावर जरूर पाहावीत. तेवढ्या बळावर कोणाच्या दप्तराला मात्र हात लावू नये.

प्रतिसाद १:
दप्तराची जबाबदारी नवशिक्याने घ्यावी असे मीही म्हणत नाही. मात्र त्याला रंजनातूनच गोडी लागत असेल, तर ती वाट बंद करण्याचे मला कारण दिसत नाही. व्हिडिओ करणाऱ्यांनी एवढेच करावे, की मूळ कागद पडद्यावर पुरेसा वेळ स्थिर ठेवावा, पाहणाऱ्याला स्वतः वाचू द्यावे आणि मगच आपले वाचन सांगावे.